ऑपरेशन केलं म्हणजे हरलो का, मॅडम?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी मानसिक तयारी पाहून घ्यावी, अशी बऱ्याच रुग्णालयांची पद्धत आहे. त्यामुळे माझ्याकडे माणसं सर्जनची चिठ्ठी घेऊन येतात आणि येताना उत्तरं पाठ करून येतात. रात्री उठून खात नाही. दारू नाही. घरचे पाठीशी आहेत. एकदाची सही मिळाली की सुटलो, असा भाव. मात्र थोडं बोलणं झालं की बहुतेकांच्या मनातला खरा प्रश्न वर येतो. एवढी माणसं डाएट करून बारीक होतात, आपल्यालाच जमलं नाही, आता पोट कापून घ्यायचं म्हणजे पळवाटच ना ही?

दत्ताभाऊंनी हाच प्रश्न विचारला, पण त्यांच्या पद्धतीनं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे.)

दत्ताभाऊ केटरर. वय 44, उंची 170 सेंटिमीटर, वजन 114 किलो. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात लग्न असो, मुंज असो की वास्तुशांत, भट्टी त्यांचीच लागते. सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या वाढवूनही साखर आटोक्यात नाही. छातीत जळजळ रोजची. घोरणं असं की बायको मुलांच्या खोलीत झोपायला गेलेली. झोपेच्या तपासणीत श्वास अडकण्याचा त्रास तीव्र निघाला होता.

“मॅडम, दोनदा वजन उतरवलंय मी. एकदा अठरा किलो, एकदा चौदा. दोन्ही वेळा व्याजासकट परत आलं. हजार पानांचा स्वयंपाक वेळेवर उतरवणारा माणूस मी, आणि मला माझं तोंड आवरत नाही? ऑपरेशन केलं म्हणजे हरलोच की.”

अशा वेळी मी धीर देत बसत नाही. आधी माहिती देते, कारण या लाजेचा निम्मा भाग चुकीच्या माहितीवर उभा असतो. माणसाचं वजन उतरलं की शरीर ते संकट समजतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, ‘आता पुरे’ असं सांगणारी संप्रेरकं कमी होतात. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की वजन उतरवून वर्ष झालं तरी हे बदल पूर्ववत झालेले नसतात. म्हणजे वर्षभरानंतरही त्या माणसाला आधीपेक्षा जास्त भूक लागत असते. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत जेवढी ऊर्जा जाळायला हवी त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं.

दत्ताभाऊंनी हे लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे पानं कमी झाली की आम्ही भट्टी बारीक करतो, तसं शरीरानं केलं.” हे मला त्यांच्याआधी कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे चौकाचौकात ‘तीन महिन्यांत बारीक व्हा’चे फलक असतात, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. तिसऱ्या वर्षीचा फोटो कुणी लावत नाही. ज्याचं वजन परत येतं तो गपचूप स्वतःला दोष देत बसतो आणि फलकवाल्याचं दुकान चालू राहतं. माझा या धंद्यावर राग आहे, तो मी लपवत नाही.

तरीही ‘तुमचा दोष नाही, करून टाका ऑपरेशन’ असं मी म्हटलं नाही. पळवाट आहे का, या प्रश्नाचं उत्तर शरीरशास्त्रातून मिळालं. तयारी आहे का, हे मात्र तिथून कळत नाही. त्यासाठी मी एक वही लिहायला सांगते. कॅलरी लिहायच्या नाहीत. कधी खाल्लं, आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढंच.

पुढच्या वेळी ते वही घेऊन आले तेव्हा आम्ही दोघंही चकित झालो. त्यांचा समज होता की कामावर चव घेऊन घेऊन वजन वाढतं. प्रत्यक्षात चव म्हणजे दिवसभरात दहा-बारा चमचे. दुपारी तर कामाच्या धांदलीत जेवणच नव्हतं. खरं खाणं होतं रात्री एकच्या सुमारास. रिसेप्शन संपलेलं, वाढपी गेलेले, पातेली धुवायला टाकलेली. मग दत्ताभाऊ उलट्या घातलेल्या टोपावर बसून उरलेला मसालेभात, पुऱ्या, वर जिलेबी खायचे. किती, ते त्यांनाही सांगता येईना.

“त्या वेळी कसं वाटतं?” मी विचारलं.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “दिवसभर सगळे मला विचारतात. मीठ किती, पाणी आलं का, नवरदेवाकडची माणसं रुसलीत, काय करू. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारत नाही.”

माझ्या दृष्टीनं खरी मुलाखत इथे सुरू झाली. ऑपरेशननंतर पोटात ती पुरी-जिलेबी मावणार नाही. या ऑपरेशनचा एक प्रकार म्हणजे बायपास, त्यात जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडतात. जठराची जी छोटी पिशवी उरते ती सुरुवातीला साधारण 30 मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठे चमचे. पण तो अर्धा तास तसाच राहणार. दमलेला, एकटा माणूस रात्री एक वाजता तिथेच बसलेला असणार. मग त्याचं काय करायचं?

काहींच्या बाबतीत त्या जागी दारू येते. बायपासनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते, आणि काही जणांना ऑपरेशननंतर नव्यानं व्यसन लागल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. दत्ताभाऊंनी चिठ्ठीवर ‘दारू नाही’ लिहिलं होतं. आता म्हणाले, “मोठी ऑर्डर पार पडली की घेतो थोडी.” ती थोडी किती, यावर आमचं एक अख्खं सत्र गेलं. ते खरं बोलले म्हणून सही नाकारावी असं काही नव्हतं. उलट खरं बोलल्यामुळेच पुढचं काम करता आलं. अनियंत्रित खाण्याचा आजार असो की नैराश्य, ते असलं म्हणजे ऑपरेशन कायमचं बाद असं सहसा नसतं. आधी उपचार सुरू करायचे, मग तारीख घ्यायची.

त्यांच्या मंडळींना मी मुद्दाम बोलावलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “चालत्याबोलत्या माणसाला टेबलावर कशाला झोपवायचं? काही झालं म्हणजे?” भीती रास्त होती. या शस्त्रक्रियेत जिवाला धोका साधारण हजारात एकाच्या आसपास असतो. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताच्या गुठळ्या, हेही होऊ शकतं. वाढलेली साखर आणि झोपेत अडकणारा श्वास घेऊन पुढची वीस वर्षं काढण्यातही धोका आहेच, फक्त त्याच्या संमतीपत्रावर कुणी सही मागत नाही. हे सगळं सर्जननं समजावणं योग्य, म्हणून मी त्यांना प्रश्न लिहून दिले आणि दोघांना परत तिकडे पाठवलं.

पण ताईंच्या मनात आणखी काही होतं. ते निघायला थोडा वेळ लागला. “हे बारीक झाल्यावर माझ्या हातचं खाणार नाहीत ना?” लग्नाला वीस वर्षं झाली, घरात प्रेमाचे शब्द कुणी बोलत नाही, जे काही सांगायचं ते ताटातून. आग्रह करून वाढायचं आणि समोरच्यानं ढेकर द्यायचा. ती बोलायची रीतच बंद पडणार होती. त्यांच्या वाटण्याला मी वेडेपणा म्हटलं नाही. स्वीडनमध्ये अशा रुग्णांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये घटस्फोटाचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि एकट्या माणसांची नवी नाती जुळण्याचंही. शरीर बदललं की घरातली घडी हलते. ती कुठे हलणार हे आधी बोलून ठेवलेलं बरं.

मधल्या काळात वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचा विषय निघाला. 2025 च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं, तेव्हापासून तो प्रत्येक सत्रात निघतो. दत्ताभाऊंच्या साडूनं सुरू केलं होतं. कोणतं औषध कुणाला, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मी एवढंच विचारते की ते किती काळ घ्यायची तयारी आहे? सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोनतृतीयांश परत आलं, असं एका मोठ्या चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. दर महिन्याचा खर्च आणि हंगामी उत्पन्न यांचा मेळ दत्ताभाऊंना बसेना. साडूला तो बसला आणि त्यांचं छान चाललंय. दोघांनी एकमेकांकडे पाहून निर्णय घेतले नाहीत हे बरं झालं.

विम्याचा प्रसंग सांगायलाच हवा. दत्ताभाऊंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, 39.4. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमात दोन मर्यादा आहेत: 40 किंवा त्याहून जास्त, नाहीतर 35 किंवा त्याहून जास्त असून सोबत तीव्र श्वासरोध किंवा आटोक्याबाहेरचा मधुमेह यांसारखा आजार, आणि साधे उपाय करून झालेले. कुणीतरी त्यांना सल्ला दिला, “दोन किलो वाढवा, चाळीस पार झालं की कागद सोपे.” आणि हा माणूस खरंच वाढवायला निघाला होता! त्यांच्याकडे झोपेच्या तपासणीचा अहवाल होता, साखरेचे अहवाल होते. ते लावल्यावर काम झालं. गंमत अशी की सर्जनांच्या एका अमेरिकी आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेनं मिळून 2022 मध्ये आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करावा असं म्हटलं आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातच मधुमेह गाठतो. विम्याचा कागद अजून तिथे पोहोचलेला नाही.

लग्नसराई संपल्यावर ऑपरेशन झालं. जळजळ आणि मधुमेह पाहून सर्जननं स्लीव्हऐवजी (त्यात जठराचा मोठा भाग काढून नळीएवढंच जठर ठेवतात) बायपास निवडला. आधीचे दोन आठवडे यकृत आकसावं म्हणून जवळजवळ द्रवाहार. नंतर पाणी, मग पातळ, मग मऊ. जेवताना पाणी नाही. सावकाश चावायचं. प्रथिनं आधी.

सहाव्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. “मॅडम, पश्चात्ताप होतोय. मूग शिजवून गाळून पितोय. घरात भाकरीचा वास येतो आणि मला रडू येतं. पुरुष माणूस भाकरीसाठी रडतो का?”

रडतो. मी हे बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. याला शोकच म्हणायचं. ज्या माणसाची गावात ओळख खवय्या म्हणून, त्याच्यातलं कुणीतरी गेलेलं असतं. आसपासचे म्हणतात, ‘आता तर खूश व्हायला पाहिजे, वजन उतरतंय.’ त्यामुळे रडायलाही जागा उरत नाही. दत्ताभाऊंना मी काही दिवस वही पुन्हा लिहायला लावली. या वेळी विषय होता, कशाची आठवण येते. पहिल्या पानावर पंगत होती. पदार्थ एकही नाही. पाटावर बसून शेजारच्याला ‘अजून एक घ्या हो’ म्हणण्याची आठवण.

पुढे एका लग्नात सवयीनं अर्धी जिलेबी तोंडात टाकली. थोड्या वेळात दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा. साखर लहान आतड्यात एकदम उतरली की बायपासनंतर असं होतं, सर्जननं आधी सांगितलेलं होतं. तरी ते घाबरले. वाढप्यांनी त्यांना मागच्या बाजूला सतरंजीवर झोपवलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळले, तेव्हा आम्ही दोघं त्यावर हसलो, कारण गळायला फारसे नव्हतेच.

त्या रात्रीच्या अर्ध्या तासाचं उत्तर माझ्याकडून निघालं नाही. भाच्याला हाताशी घेऊन आवराआवर त्याच्यावर सोपवायची आणि जेवणावळ संपताच आपण घरी जायचं, हे त्यांनीच ठरवलं. पहिले काही महिने भाच्यानं गोंधळ घातला, दोन मोठी पातेली हरवली. ते नुकसान दत्ताभाऊ अजून सांगतात.

पुढे वजन 82 वर आलं. आता 85 आहे. थोडं परत येणं बहुतेकांच्या बाबतीत होतं आणि ते त्यांना आधीच सांगितलेलं होतं. मधुमेहाची एक गोळी बंद झाली, दुसरी चालू आहे. घोरणं बरंच कमी. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं आणि ठरावीक काळानं रक्त तपासायचं, यात त्यांची चालढकल होते. ताई मागे लागतात. वाढायचा आग्रह गोळ्यांवर गेलाय, असं त्या म्हणतात. गावातली गिऱ्हाइकं चेष्टा करतात, “वाळलेल्या आचाऱ्याच्या हातचं कोण जेवणार?” ऑर्डर मात्र कमी झालेल्या नाहीत.

मध्यंतरी त्यांनी त्यांच्याकडचा एक वाढपी माझ्याकडे पाठवला. वय 27, बीएमआय 26, आजार कुठला नाही. “मालकांसारखं ऑपरेशन करायचंय.” मी त्याला डॉक्टरांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. दत्ताभाऊ रागावले. फोन करून म्हणाले, “मला सही दिली आणि त्याला का नाही?” त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. तो मुलगा आता महिन्यातून एकदा येतो. वजनावर आम्ही फारसं बोलत नाही. फोटो पाहूनच नकार कळवणाऱ्या मुलीकडच्यांवर बोलतो.