ऑफिसच्या प्रॉक्सीमागे ब्राउझर चालतो, बाकी काही चालत नाही?

पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघणारी कमांड) जात नाही म्हणून नेट बंद आहे असं लगेच समजू नकोस. प्रॉक्सी म्हणजे तुझ्या आणि इंटरनेटच्या मधे बसलेली कंपनीची यंत्रणा; पिंग तिच्यातून जातच नाही. ते अडलं तरी वेबसाइट व्यवस्थित उघडू शकते. आधी एररचा नंबर वाच. ४०७ आला तर तू प्रॉक्सीपर्यंत पोचला आहेस, ती फक्त लॉगिन मागतेय. ४०३ असेल तर बहुधा साइटच अडवलेली असते. तिथे सेटिंगशी झटापट नको, आयटीकडे रीतसर विनंती टाक.

पासवर्ड बदलल्यावर अचानक सगळं अडलं, तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (साठवलेले पासवर्ड असतात तिथे) जुना पासवर्ड राहिलाय का बघ. एखादा प्रोग्रॅम तोच पुन्हापुन्हा पाठवत राहतो आणि खातं लॉक होतं. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) किंवा पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल) अडत असेल, तर त्यांना प्रॉक्सीचा पत्ता बऱ्याचदा वेगळा द्यावा लागतो, पोर्टसकट (पत्त्यानंतर कोलन देऊन लिहायचा नंबर). लॉगिन पत्त्यातच लिहीत असशील आणि पासवर्डात @ असेल तर त्याच्या जागी टक्क्याची खूण आणि लगेच इंग्रजी आकड्यांत ४० (%40) लिही, नाहीतर पत्ता मधेच तुटतो.

एखाद्या टूलने सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याची) तक्रार केली तर कृपा करून सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नकोस. कंपनीचं रूट सर्टिफिकेट (बाकीचे दाखले ज्याच्या भरवशावर खरे मानले जातात ते मूळ सर्टिफिकेट) आयटीकडून मागून घे आणि त्या टूलमध्ये बसव.