इंग्लंडात फार्मासिस्ट व्हायचंय? आधी चिठ्ठी वाचायची सवय लाव

भावा, तू शहाद्याहून विचारलंस की बी.फार्म.नंतर इंग्लंडला यायला काय लागतं, आणि इथला फार्मासिस्ट दिवसभर करतो तरी काय. मी मूळची चोपड्याची, आता लेस्टरमध्ये एका मेडिकलवर फार्मासिस्ट आहे. 

कागदांचं झटपट सांगते. नुसत्या डी.फार्म.वर भागत नाही. बी.फार्म. आणि आपल्या राज्य फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हवं, आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत किमान ७ गुण. मग बाहेरदेशी शिकलेल्या फार्मासिस्टांसाठीचा ऑस्पॅप नावाचा वर्षाचा कोर्स, ५२ आठवड्यांचं ट्रेनिंग, आणि शेवटी इथल्या कौन्सिलची, म्हणजे जीपीएचसीची परीक्षा. ट्रेनिंगला पगार असतो, कोर्सला मात्र फी भरावी लागते. कर्जाचा हिशोब त्याप्रमाणे मांड.

आता कामाचं. गोळ्या काढणं, लेबल लावणं बहुतेक डिस्पेन्सर, म्हणजे दुकानातले मदतनीस करतात. आपण बघायचं ते हे, की हे औषध याच माणसाला, याच डोसमध्ये, त्याच्या चालू औषधांबरोबर चालेल का. याला क्लिनिकल चेक म्हणतात आणि तो चुकला तर जाब तुला विचारतात.

समज, एक आजी संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतात, आठवड्यातून एकदाच. लघवीला जळजळ म्हणून ट्रायमेथोप्रिम या अँटिबायोटिकची चिठ्ठी आली. डोस बरोबर, दिवस बरोबर, चिठ्ठीत खोट काही नाही. पण दोन्ही औषधं शरीरातल्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात आड येतात. एकत्र पडली तर अस्थिमज्जा दबते, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेतू शकतं. जुन्या नोंदी उघडल्या तरच हे दिसतं. औषध द्यायचं थांबवायचं, दवाखान्यात फोन करून दुसरं अँटिबायोटिक मागायचं. आपल्याकडच्या सेप्ट्रान गोळीतही हेच ट्रायमेथोप्रिम आहे, लक्षात ठेव.

हा फोन सगळ्यात अवघड जातो, कारण आपल्याकडे मेडिकलवाल्याने डॉक्टरांना विचारणं आगाऊपणा समजतात. इथे विचारलं नाही तर दोष लागतो. बोलताना चूक काढत बसायचं नाही. पेशंट कोण, चालू काय आहे, धोका कोणता, पर्याय कोणता, एवढंच सांगायचं.

ही नजर इथे येऊन एकदम येत नाही, म्हणून शहाद्यातच तयार कर. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. शेतातून आलेले बाबा गुडघ्यासाठी वेदनाशामक अ‍ॅसिक्लोफेनॅक मागतात, आणि बीपीची गोळी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे एकात दोन औषधांची असते. अंगातलं पाणी आटलेलं, त्यात ही तिन्ही औषधं. किडनीला थेट मार बसू शकतो. अशा वेळी पॅरासिटामॉल सुचव, पाणी नीट प्यायला सांग, आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टरांकडे पाठव. पिशवीभर स्ट्रिपा घेऊन आलेल्या म्हातारीला विचार, ‘माय, कोनती गोयी कव्हय लेस?’ (कोणती गोळी कधी घेतेस?) अहिराणीत विचारलंस तर ती खरं सांगेल, बंद केलेल्या गोळ्यांचंही.

एक कळकळीने सांगते. आपलं फार्मासिस्टचं लायसन दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देऊन घरी आयईएलटीएसचा अभ्यास करत बसू नकोस. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देण्याचं काम रजिस्टर्ड फार्मासिस्टवर सोपवलंय. तू काउंटरवर नसलास तर त्या बाबांची चिठ्ठी कुणीच वाचत नाही. अभ्यास रात्री कर, दिवसा दुकानात उभा राहा. अडलेली चिठ्ठी, तू काय केलंस, डॉक्टर काय म्हणाले, हे पेशंटचं नाव न लिहिता वहीत टिपत जा. ट्रेनिंगच्या मुलाखतीत असलेच प्रसंग विचारतात.