टीव्ही, केबल बॉक्स, फायर स्टिक आणि साउंडबार यांना मिळून एकच रिमोट: नागपुरात कोणता घ्यावा?

तुमच्या घरी एलजीचा स्मार्ट टीव्ही आहे, त्याला केबलचा सेट-टॉप बॉक्स, फायर टीव्ही स्टिक आणि साउंडबार जोडलाय. रिमोट चार आणि दिवसभर टीव्ही बघणारे आई-बाबा सत्तरीचे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानदार दाखवतो तो 'ऑल इन वन' घ्यावा की ऑनलाइन काही महागडं मागवावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी दोन्ही थांबवा. पाकिटावर '५००० मॉडेल्सना चालतो' असं छापलेलं असतं, त्यावरून रिमोट निवडू नका. तुमची उपकरणं चारच आहेत. त्यातलं कोणतं इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर) चालतं, कोणतं ब्लूटूथवर आणि आई-बाबा रोज खरोखर कोणती बटणं दाबतात, यावरून रिमोट ठरतो. मी तुम्हाला 'लर्निंग' रिमोट सुचवेन, म्हणजे मूळ रिमोटसमोर धरून एकेक बटण शिकवता येतं तो. पण त्याआधी घरीच दोन कामं करून घ्या, त्यांना एक रुपयाही लागत नाही.

पहिलं काम म्हणजे रिमोट तपासणं. खोलीत थोडा अंधार करा, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा उघडा आणि रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर ते बटण इन्फ्रारेडवर आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून पुढचाच वापरा. तपासणी एका बटणावर संपवू नका. फायर स्टिकच्या रिमोटवर पॉवर आणि आवाजाची बटणं इन्फ्रारेड सोडतात, पण बाण, होम आणि बॅक ब्लूटूथवर जातात. 'फायर टीव्ही स्टिक लाईट' या मॉडेलच्या रिमोटवर तर टीव्हीचा पॉवर आणि आवाज ही बटणं मुळातच नाहीत. एलजीचा मॅजिक रिमोटही (हलवून पडद्यावर बाण फिरवता येतो तो) टीव्हीशी जोडलेला असताना बरीचशी बटणं ब्लूटूथवर पाठवतो. ब्लूटूथचं बटण लर्निंग रिमोटला शिकवता येत नाही, दुकानदार काहीही म्हणो. मात्र तो टीव्ही साधा इन्फ्रारेड रिमोटही ऐकतो. म्हणून शिकवण्यासाठी मॅजिक रिमोट न वापरता 'एकेबी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचा एलजीचा साधा रिमोट आणा. कॉपी असली तरी चालेल, साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत मिळते.

दुसरं काम म्हणजे टीव्हीतली एचडीएमआय-सीईसी ही सोय चालू करणं. एलजीत तिचं नाव सिंपलिंक आहे, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक. स्वस्त टीव्हींत सरळ 'सीईसी' असंच लिहिलेलं सापडतं. एचडीएमआय वायरच्या १३ नंबरच्या पिनवरून जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात, इतकंच ते काम. फायर स्टिकच्या सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले अँड साउंड्स' या भागातही सीईसी चालू आहे का ते बघा. दोन्हीकडे चालू झालं की टीव्हीच्या रिमोटचे बाण, ओके आणि बॅक यांनी स्टिक चालते. टीव्ही इन्फ्रारेड ऐकतो आणि तोच हुकूम वायरने स्टिककडे ढकलतो. लर्निंग रिमोटने ब्लूटूथवाली स्टिक चालवायची वाट ही आहे आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी अडचण इथेच सुटते. होमचं बटण मात्र बऱ्याच टीव्हींवरून पलीकडे जात नाही. बॅक दोन-तीनदा दाबून पहिल्या पानावर यायची सवय लावावी लागेल.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिली असेल तर टीव्ही बंद होताच बऱ्याच मॉडेलांत स्टिकही मरते, पुन्हा चालू झाली की सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि सीईसी कधी चालतं, कधी नाही. स्टिकसोबत आलेला अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला लावा. साउंडबार एचडीएमआयने जोडत असाल तर टीव्हीच्या ज्या सॉकेटवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारी सोय) लिहिलंय त्यातच वायर घाला. मग टीव्हीच्या आवाजाच्या बटणांनीच साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो आणि एक रिमोट तिथेच गळतो. ऑप्टिकल वायरने जोडलेला असेल तर ही सोय नाही, साउंडबारची बटणं वेगळी शिकवावी लागतील.

केबलच्या बॉक्सवर सीईसीचा भरवसा धरू नका. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेला असेल तर प्रश्नच नाही. तो इन्फ्रारेडनेच चालवायचा.

आता त्याच बॉक्सचा रिमोट हातात घेऊन नीट बघा. अनेक केबल आणि डीटीएच रिमोटांवर एका कोपऱ्यात चार-पाच बटणं वेगळ्या चौकटीत असतात, वर 'टीव्ही' लिहिलेलं असतं आणि जवळ 'सेट' नावाचं बारकं बटण. ती लर्निंग बटणंच आहेत. बहुतेक घरांत ती कधीच वापरली जात नाहीत. आई-बाबा मुख्यतः केबलच बघत असतील तर टीव्हीचा पॉवर, सोर्स आणि आवाज एवढं त्यांवर शिकवून टाका, नवा रिमोट घ्यायची गरजच उरणार नाही. आकडे, चॅनल, आवडते चॅनल सगळं हाताच्या ओळखीच्या जागी राहतं. वयस्कर माणसांसाठी ही सोय मला कोणत्याही नव्या रिमोटपेक्षा मोलाची वाटते.

शिकवायची पद्धत जवळपास सगळ्या रिमोटांत सारखी आहे. दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला. मूळ रिमोटचे सेल उतरलेले असले तर सिग्नल अर्धवट पोचतो आणि शिकवलेलं बटण कधी चालतं, कधी रुसतं. प्लास्टिकचं कव्हर चढवलं असेल तर काढा, पिवळं पडलेलं कव्हर तोंडावरचा प्रकाश अडवतं. दोन्ही रिमोट टेबलावर आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवा, मध्ये दोन ते पाच सेंटिमीटर जागा. खिडकीचं ऊन त्यांवर पडू देऊ नका. 'सेट' साधारण तीन सेकंद दाबून धरा, लाल दिवा स्थिर पेटेल. ज्या बटणावर शिकवायचं ते एकदा दाबा, दिवा लुकलुकू लागेल. मग मूळ रिमोटचं बटण दाबा. दिवा काही वेळा झपझप चमकून पुन्हा स्थिर झाला की ते बटण शिकलं. पुढचं घ्या. शेवटी पुन्हा 'सेट' दाबून बाहेर पडा.

मूळ रिमोटचं बटण अर्धा सेकंद, ठाम दाबायचं. यामागे कारण आहे. बरेच रिमोट एनईसी नावाच्या पद्धतीने बोलतात: बटण दाबताच पूर्ण हुकूम एकदाच जातो आणि दाबून ठेवलं तर नंतर फक्त 'तेच पुन्हा' असा छोटा इशारा दर ११० मिलिसेकंदांनी जात राहतो. बटण आधीच दाबून मग रिमोट समोर आणलात तर लर्निंग रिमोट तो छोटा इशाराच टिपतो आणि टीव्हीला त्यातून काही कळत नाही. आवाजाचं बटण एकेकच पायरी चढत असेल, दाबून धरल्यावर पुढे जात नसेल, तर तेवढं एक बटण थोडं जास्त वेळ दाबून पुन्हा शिकवा.

दुसरी खोड फिलिप्सच्या आरसी-५ आणि आरसी-६ पद्धतींची आहे. त्यांत प्रत्येक नव्या दाबाला एक खूण बदलते, म्हणजे समोरच्याला कळतं की माणसाने बटण सोडून पुन्हा दाबलंय. लर्निंग रिमोट ती खूण जशी टिपली तशीच दरवेळी पाठवतो. परिणाम असा की ५५ दाबलं तरी बॉक्सला एकच ५ दिसतो. असं झालं तर त्या उपकरणासाठी शिकवणं सोडा आणि तयार कोड असलेला रिमोट किंवा त्याच मॉडेलची कॉपी घ्या.

वेगळा लर्निंग रिमोट घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी बघून घ्या.

एक, मोडची बटणं. वर टीव्ही, एसटीबी (सेट-टॉप बॉक्स), ऑडिओ अशी उपकरण निवडायची बटणं असलेला रिमोट कागदावर उत्तम वाटतो. घरात होतं असं की कुणीतरी तो ऑडिओवर सोडतो, आई चॅनल बदलायला जातात आणि काहीच हलत नाही; पुढचा अर्धा तास टीव्ही बिघडला म्हणून फोन. मोड नसलेला, वीस-पंचवीस मोठ्या बटणांचा रिमोट मिळाला तर तोच घ्या. मोडवालाच मिळाला तर एक युक्ती करा: आवाज वाढव, आवाज कमी आणि म्यूट ही तीन बटणं प्रत्येक मोडमध्ये साउंडबारचीच शिकवा. मग मोड कोणताही असो, आवाज तरी चुकणार नाही.

दोन, सेल काढल्यावर शिकवलेलं राहतं का. दुकानातच एक बटण शिकवून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायला सांगा. काही स्वस्त रिमोटांत सगळं पुसलं जातं. असा रिमोट फुकटही घेऊ नये.

एका बटणाने सगळं चालू करणारे मॅक्रोवाले रिमोट मी तुम्हाला सुचवणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक उपकरणांच्या रिमोटवर चालू आणि बंद यांना एकच बटण असतं. बॉक्स आधीच चालू असला तर मॅक्रो टीव्ही चालू करतो आणि बॉक्स बंद करतो. एकदा क्रम उलटा झाला की रोज उलटाच राहतो. 'फक्त चालू' आणि 'फक्त बंद' असे वेगळे कोड उपकरण स्वीकारत असेल तरच मॅक्रो भरवशाचा होतो. त्यापेक्षा टीव्हीच्या आणि बॉक्सच्या पॉवरला दोन वेगळी बटणं द्या आणि त्यांवर दोन रंगांचे ठिपके चिकटवा.

महागड्यांपैकी लॉजिटेकचा हार्मनी जुन्या बाजारात दिसतो आणि कौतुकही ऐकायला येतं. त्याचं उत्पादन बंद केल्याचं कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलं आणि त्याची नवी जुळवाजुळव कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे, तेव्हा आज त्यात पैसे घालू नका. वाय-फायवरचा इन्फ्रारेड ब्लास्टर, म्हणजे मोबाईलचा हुकूम घेऊन इन्फ्रारेड सोडणारी छोटी डबी, ही चांगली वस्तू आहे, विशेषतः बॉक्स शोकेसच्या बंद दाराआड असेल तर. पण तो सहसा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायलाच जोडला जातो आणि चालवायचा मोबाईलवरून. इन्फ्रारेड असलेल्या फोनचंही तेच. तुमच्या सोयीला ठीक, आई-बाबांच्या हाती टीव्हीसाठी बटणंच हवीत.

कोड टाकायचे तयार युनिव्हर्सल रिमोट कधी घ्यावेत? मूळ रिमोट मेला असेल तेव्हा, कारण मेलेल्या रिमोटवरून काही शिकवता येत नाही. यातही एक मेख आहे. टीव्ही दुरुस्तीत बोर्ड बदलला असेल, किंवा टीव्ही स्थानिक असेंबल्ड असेल, तर पुढच्या पट्टीवरच्या नावाला अर्थ उरत नाही. आत व्ही५६ किंवा व्ही५९ सारखा सर्वसाधारण बोर्ड असतो आणि रिमोट त्या बोर्डाचा लागतो. सगळे कोड टाकून दमण्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याला बोर्डाचा नंबर विचारा, तोच दुकानदाराला सांगा.

खरेदीला सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्या पुरेशा आहेत. जाताना टीव्ही आणि साउंडबारच्या मागच्या स्टिकरचा फोटो, चारही रिमोट आणि स्वतःचे नवे सेल न्या. शिकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मूळ रिमोट सोबत असल्याने तिथल्या तिथे तपासता येतं, ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल थोडं. पारा ४५ च्या वर गेला की गच्चीखालच्या खोलीत ठेवलेल्या रिमोटातले स्वस्त झिंक-कार्बन सेल लवकर पाझरतात, आणि कूलरच्या ओलसर हवेत स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. अल्कलाइन सेल वापरा, जुना-नवा एकत्र घालू नका आणि रिमोट कूलरच्या झोतात ठेवू नका. दुपारी पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट टीव्हीच्या सेन्सरवर पडत असेल तर रिमोट अडखळेल. रिमोट बदलण्याआधी एकदा पडदा ओढून बघा.

सगळं जुळलं की रोज लागणार नाहीत त्या मूळ रिमोटांतले सेल काढा, प्रत्येकावर उपकरणाचं नाव चिकटवा आणि एका डब्यात ठेवून द्या. केबलवाल्याने पुढे बॉक्स बदलला तर नव्या बॉक्सचा रिमोट घेऊन त्याची बटणं पुन्हा शिकवावी लागतील. टीव्हीची आणि साउंडबारची बटणं तशीच राहतील, फक्त नवं शिकवताना त्यांना हात लावू नका.