हॉलमध्ये फक्त साडेआठ फुटांची भिंत मोकळी आहे, त्यात दादर स्टेशन आणि बारा डब्यांची लोकल असा मॉडेल रेल्वेचा लेआउट बसेल का? रूळ, वायरिंग, सीनरी, सुरुवात कशापासून करू?

लेआउट बसेल हो, दादर नाही बसणार. लोकलचा एक डबा साधारण 21 मीटरचा, बारा डबे म्हणजे अडीचशे मीटर, आणि मॉडेलचं एचओ स्केल 1:87 चं, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, त्यात ही गाडी होते जवळपास तीन मीटर. म्हणजे गाडीच तुमच्या भिंतीपेक्षा लांब, मग ती वळणार कुठे? एन स्केल घेतलंत (1:160) तरी दीड मीटरच्या वर जाते. सहा डब्यांवर भागवता येईल, पण रोज बारा डब्यांच्या गर्दीत चेंगरणाऱ्या माणसाला ते खटकणारच.

माझं ऐकाल तर माथेरान करा. नेरळ-माथेरान लाइन 1907 ची, दोन फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), डबे चिमुकले, आणि वळणं मुळातच इतकी तीव्र की छोट्या बोर्डवर ती खोटी वाटत नाहीत. यासाठी डबल ओ नाइन म्हणून प्रकार आहे, स्केल 1:76 पण रुळांमधलं अंतर एनइतकंच, 9 मिमी, म्हणजे एन गेजच्या इंजिनाचा चाकांचा भाग खाली घालता येतो. रूळ मात्र एनचे नका घेऊ, त्यांचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) फार बारीक आणि जवळजवळ असतात, पेको कंपनीचे खास नॅरोगेजचे मिळतात ते घ्या. त्यांचं 9 इंच त्रिज्येचं वळण येतं, त्यामुळे 4 बाय 2 फुटांच्या बोर्डवर अख्खा गोल बसून कडेला जागा उरते. माथेरानच्या इंजिनाचं तयार मॉडेल शोधण्यात वेळ घालवू नका, एनचं छोटं डिझेल घ्या आणि वरची बॉडी प्लास्टिक शीट कापून बनवा.

बोर्डला वॉटरप्रूफ प्लाय आणि तो दोन्ही बाजूंनी रंगवायचाच, नाहीतर जुलैत वाकतो आणि मग गाडी एकाच जागी रुळावरून उतरत राहते, तुम्ही उगाच चाकं तपासत बसता.

वायरिंग सीनरीच्या आधी, यात तडजोड नाही. गाडी 12 व्होल्ट डीसीवर चालते, एक रूळ प्लस, दुसरा मायनस, दिशा बदलायची तर पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटायची, एवढंच. घोळ होतो तो रूळ जोडणाऱ्या जॉइनरवर भरवसा ठेवल्याने. आपल्या दमट हवेत ते वर्षभरात काळे पडतात आणि लांबच्या टोकाला गाडी रेंगाळते. म्हणून बोर्डखालून दोन जाड वायरी फिरवा, लाल आणि काळी, आणि दर दोन-तीन फुटांवर प्रत्येक रुळाला बारीक वायर सोल्डर करून खाली आणून त्यांना जोडा. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला, आत केलंत तर चाकाची कड त्यावर चढते. सांध्याचा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या टर्नआउटचा, मधला भाग प्लास्टिकचा असेल तर छोटं इंजिन नेमकं तिथेच थबकतं, म्हणून धातूचा घ्या, थोडा महाग पडतो. आणि गाडी फिरून त्याच रुळावर उलटी येईल असा लूप सुरुवातीला नको, डावा रूळ उजव्याला भिडतो आणि सरळ शॉर्ट. वायर, सोल्डरिंग गन, एलईडी सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात एका फेरीत मिळतं.

सीनरी मात्र स्वस्तात होते. डोंगराला थर्माकोल चालेल पण स्प्रे पेंट मारू नका, विरघळतो. कापू नका, तोडा, मग आडवे थर दिसतात, सह्याद्रीचा कातळ तसाच असतो. वर प्लास्टर, काळपट करडा रंग, आणि माथ्याजवळ जांभा दगडाचा लाल. माती म्हणून चहाचा चोथा झकास दिसतो, फक्त ओव्हनमध्ये कडकडीत वाळवा नाहीतर पावसाळ्यात बुरशी. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली बारीक रेती: आधी कोरडीच ब्रशने बसवायची, पाण्याचा हलका फवारा, मग फेविकॉल आणि पाणी निम्मं निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचं. तो थेंब नसला तर पाणी गोळ्या होऊन रेतीवर लोळतं. सांध्याच्या हलत्या पट्टीजवळ फेविकॉल जाऊ देऊ नका.

बोर्ड दिवाणाखाली सरकवणार असाल तर डोंगर सुटा उचलता येईल असा करा, आणि दिवाणाखालची उंची आत्ताच मोजून घ्या.