हार्मोनच्या इंजेक्शनने प्रोस्टेट आक्रसतं, मग कॅन्सर परत का येतो?

वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर आहे, इंजेक्शनांनी त्यांचा पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारं प्रथिन) उतरला, तरी परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉक्टर फॉलोअप सोडू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. बरोबरच आहे ते. या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तुटलं की प्रोस्टेटमधल्या बऱ्याच ल्युमिनल (नळ्यांच्या आतल्या थरातल्या) पेशी मरतात, ग्रंथी आक्रसते; पण काही पेशी तग धरतात, आणि कॅन्सर परत येण्यामागे अशाच पेशी असाव्यात अशी शंका आहे. उंदरांना टेस्टोस्टेरॉन परत दिलं की ग्रंथी पुन्हा वाढते, आणि हे चक्र अनेकदा चालतं. तिथेच प्रौढ मूळपेशींचा, म्हणजे ग्रंथी नव्याने घडवू शकणाऱ्या पेशींचा, माग लागला. त्या बेसल (बाहेरच्या, तळाच्या) थरात की ल्युमिनल, हा जुना वाद. उंदरांत दोन्हीकडे पुरावे आहेत, आणि २०१० मध्ये माणसाच्या बेसल पेशींपासून उंदरात कॅन्सर घडवून दाखवला गेला. अर्थात सगळा दोष मूळपेशींचा नाही, अँड्रोजन रिसेप्टरमधले (पेशीत पुरुषी हार्मोनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनातले) बदल फार मोठं कारण आहे. बोरिवलीहून फेऱ्या जड जात असतील, तरी इंजेक्शनची तारीख कृपया चुकवू नका.