पलुसकर कुठले?

प्रिय ईरा,

काल आजोबांनी फोनवर डी. व्ही. पलुसकरांचं भजन ऐकवलं, तेव्हा तू विचारलंस, "बाबा, हे आपल्या पलूसचे का? आणि इतक्या मराठी आडनावांच्या शेवटी 'कर' का असतं?" तेवढ्यात स्कूलबस आली आणि उत्तर राहून गेलं.

आपलं पलूस म्हणजे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला हा टेकड्यांचा प्रदेश; त्यांचं पलूस सांगली जिल्ह्यातलं गाव. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पलूसचे म्हणून पलुसकर झाले. गंमत बघ, गावात राहून हे 'कर' चिकटत नाही. पलुसात सगळेच पलूसचे, तिथं कोण कुणाला पलुसकर म्हणणार? गाव सोडलं की बाहेरचे लोक म्हणायला लागतात.

आपल्या व्हिटमन काउंटीत उलटा कारभार. 1871 साली ती स्थापन झाली आणि नाव दिलं मार्कस व्हिटमन या मिशनऱ्याचं. तो 1847 मध्येच मारला गेला होता, तोही इथं नाही, वाला वाला गावाजवळ. इथल्या कोलफॅक्स गावाला नाव एका उपराष्ट्राध्यक्षाचं, पुलमनला रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखानदाराचं.

पलूस मात्र अस्सल इथलं. पलूस नदी स्नेक नदीला मिळते तिथं मूळच्या लोकांचं मोठं गाव होतं, त्यावरून त्यांना पलूस म्हणू लागले. ठिपक्यांच्या अपालूसा घोड्याचं नावही त्यातलंच. हा हिरवळ या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे असंही काही जण म्हणतात, पण मला गावाचंच पटतं. म्हणजे तेही पलुसकरच की!

आणि दोन्हीकडचा दगड एकाच जातीचा. स्नेककडे उतरताना रस्त्याच्या कडेला काळे खांब होते, आठवतं? हात लावून "केवढा तापलाय!" म्हणाली होतीस. तो बसाल्ट, लाव्हाचा. इथला सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा, सांगलीकडचा सुमारे साडेसहा कोटी. माती मात्र निराळी. तिथली काळी माती त्या दगडातूनच झाली. इथली वाऱ्यानं आणून टाकली, म्हणून तर या गोल गोल टेकड्या. त्यांच्यावर गहू होतो आणि मसूरही. परवा तू दोनदा मागून घेतलेली आमटी इथल्याच मसुराची होती.

राहता राहिलीस तू. जन्म पुलमनचा असला तरी इथं तुला कुणी पुलमनकर म्हणणार नाही. कॉलेजला सिअॅटलला गेलीस की बघू.

तुझा,
बाबा