ओढवलेला सिग्नल आणि धाडलेला सिग्नल

चोपड्याच्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: सी भाषेतले प्रोग्राम हार्डवेअरकडून येणारे सिग्नल (चालू प्रोग्रामला मध्येच मिळणारे इशारे) कसे हाताळतात याची चाचणी घेतली, आता अहवाल मराठीत लिहितोय. 'सिग्नल आला', 'सिग्नल पडला', 'सिग्नल उठला' यांतलं काय लिहू? आणि एक्सेप्शनला, म्हणजे सूचना पार पाडताना प्रोसेसर अडतो त्याला, 'अपवाद' म्हणू का?

'पडला' आधी बाजूला ठेवा. भुसावळच्या आसपास वाढलेल्या माणसाला 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी येतेय, उठा, पिशव्या उचला. जुन्या सिग्नलचा हात आडवा असला की थांबायचं आणि खाली पडला की निघायचं, त्यातून आलेला हा प्रयोग. शहरातल्या चौकात मात्र हेच वाक्य लाल दिव्यासाठी वापरणारे लोक मी ऐकलेत. असा दोन्हीकडे तोंड असलेला शब्द अहवालात कशाला?

'उठला' म्हणजे इंग्रजी 'रेज' या क्रियापदाचा शब्दाला शब्द. मराठीत बाजार उठतो, पुरळ उठते, पोटात कळ उठते. सिग्नल उठत नाही.

राहिला 'आला'. तो चूक नाही, पण फार सैल आहे, आणि तुमच्या विषयात नेमकं तिथंच पाणी मुरतंय. प्रोग्रामला सिग्नल दोन तऱ्हांनी मिळतो. कुणीतरी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने किंवा त्याने स्वतःच, तो मुद्दाम पाठवलेला असतो. किंवा प्रोग्रामने असं काही केलेलं असतं की प्रोसेसर अडतो आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोग्रामच्या हाती सिग्नल ठेवतं. पहिल्याला मी 'धाडलेला' म्हणतो, दुसऱ्याला 'ओढवलेला'. मराठीत संकट ओढवतं, आणि आपल्याच करणीने आलं तर आपण ते ओढवून घेतो. शून्याने भागायला गेलात, सिग्नल ओढवून घेतलात.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. मागे आमच्याकडे एका नवशिक्या पोराने चाचणी लिहिली होती. हँडलर, म्हणजे सिग्नल मिळाल्यावर चालणारं फंक्शन, बसवला, 'रेज' फंक्शनने सिगएफपीई हा गणिती चुकीचा सिग्नल स्वतःलाच पाठवला, हँडलरने एक ओळ छापली, प्रोग्राम पुढे गेला, चाचणी पास. मी म्हटलं, "भो, आता खरोखर शून्याने भागून दाखव." कंपायलरने भागाकार गाळू नये म्हणून भाजक व्होलाटाइल केला (त्याची किंमत कधीही बदलू शकते असं कंपायलरला सांगितलं) आणि चालवलं. तीच ओळ, तीच ओळ, तीच ओळ. पडदा भरून वाहायला लागला, लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, शेवटी कंट्रोल-सी दाबून सोडवला. कारण साधं आहे. धाडलेला सिग्नल झेलून हँडलर परतला की प्रोग्राम जिथं होता तिथून पुढे निघतो. ओढवलेल्या सिग्नलनंतर परतला तर इंटेलच्या प्रोसेसरवर तीच भागाकाराची सूचना पुन्हा चालते, पुन्हा अडते, पुन्हा सिग्नल. (सी भाषेच्या मानकाने तर अशा वेळी हँडलरमधून परतल्यावर काय होईल याची हमीच दिलेली नाही.)

म्हणून एक्सेप्शनला मी 'अडणं' म्हणेन. आमच्या यावलकडे बैलगाडीतून केळीचे घड आणताना नाल्यात चाकाखाली दगड आला की बैल अडायचा. पराणी टोचा, शिव्या द्या, तो पाऊल उचलणार आणि त्याच जागी पुन्हा अडणार. वडील खाली उतरून दगड काढायचे, मग तोच बैल तेच पाऊल टाकून पुढे जायचा. सिगसेग्व्ही म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्यावरचा सिग्नल; त्याच्या हँडलरमध्ये हेच करता येतं: मेमरीच्या ज्या पानावर लिहायला मनाई होती त्याची परवानगी बदलून परतलं, तर तीच सूचना दुसऱ्या वेळी निमूट पार पडते. दगड निघत नसेल तर गाडी तिथंच सोडून सिगलाँगजंप या फंक्शनने आधी ठरवलेल्या जागी उडी घ्यायची.

डिबगरचा ब्रेकपॉइंट (चूक शोधताना प्रोग्राम मुद्दाम थांबवायची खूण) मात्र वेगळा. तिथं परतल्यावर पुढची सूचना चालते, म्हणून तिथं प्रोसेसर 'अडला' न म्हणता 'थांबला' म्हणावं. अडणं आणि थांबणं यातला फरक मराठीत आयता आहे, वापरा.

'अपवाद' का नको? व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम आणि अपवाद म्हणजे त्याला बाजूला सारणारा विशेष नियम. अपवाद हाही नियमच, आधीपासून लिहून ठेवलेला. तुमच्याकडे आहे ती घटना. 'अपवाद घडला' हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा, कानालाच खटकतं. शिवाय लोकापवादातला अपवाद म्हणजे बदनामी, प्रोसेसरची कशाला?

सिगएफपीई हे नावही फसवं आहे. त्यातलं एफपी फ्लोटिंग पॉइंटचं, पण दशांश संख्येला शून्याने भागलं तर सहसा सिग्नल येतच नाही, उत्तर निमूटपणे अनंत येतं. सिग्नल ओढवतो तो पूर्णांकाच्या भागाकाराने. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्यात इंटेलवर सर्वांत लहान पूर्णांकाला उणे एकने भागलं तरी हाच सिग्नल, कारण उत्तर मावत नाही. ही चाचणी बहुतेक जण विसरतात. उलट मोबाइलमधल्या ६४-बिट एआरएम प्रोसेसरवर पूर्णांकाला शून्याने भागलं तर उत्तर शून्य येतं आणि सिग्नलचा पत्ता नसतो. शून्यावर कुणाचं भागत नाही म्हणतात, एआरएमचं भागतं.

तेव्हा अहवालात सिग्नल धाडलेला होता की ओढवलेला हे प्रत्येक चाचणीपुढे लिहा. हँडलरला सिगइन्फो, म्हणजे सिग्नलची माहिती, मिळत असेल तर त्यातला कोड हेच सांगतो: लिनक्सवर खऱ्या भागाकाराचा कोड १, 'रेज'चा उणे ६. हँडलर नसताना प्रोग्राम मेला तर बॅश शेलमध्ये प्रोग्रामचा एक्झिट कोड १३६ दिसतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक ८. आणि 'सिग्नलकडे दुर्लक्ष केलं' हे वाक्य धाडलेल्यापुरतंच ठेवा. लिनक्सवर ओढवलेल्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, तसं सांगून ठेवलं तरी कर्नल प्रोग्रामला मारतंच.

हँडलरला 'हँडलर'च राहू द्या. तो सिग्नल 'झेलतो' म्हणा, 'पकडतो'पेक्षा बरं. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'शून्याने भागल्यामुळे ओढवलेला सिगएफपीई हँडलरने झेलला, पण हँडलर परतताच प्रोग्राम त्याच सूचनेवर पुन्हा अडला.'